तिसऱ्या तळ्याच्या दाराशी

मी डावा गमबूट बोलतोय. उजवाही आहे शेजारी, पण त्याच्या टाचेला भोक असल्यामुळे त्याचं कुठलंच म्हणणं टिकत नाही.

कारखान्यातल्या साच्यातून निघालो तेव्हा मी इतका चकाकत होतो, की दुकानदार माझ्यात बघून भांग पाडायचा. खोटं वाटत असेल तर निम्मं धरा.

मला काकूनं घेतलं. तिची तीन तळी, तिन्हींत मासे. दोन तळ्यांतले बाजारात जायचे. तिसऱ्यात मात्र सात वर्षं जपलेले मोठे नर-मादी होते. आसपासच्या प्रत्येक तळ्यात पिल्लं सोडली जायची ती यांचीच. ते गेले, तर सगळ्यांचंच संपलं.

आमच्याकडे एक रीत होती. कुणाचे मासे मेले, की शेजारी न बोलावता तळ्यात उतरायचे. मेलेले मासे उचलायचे, चहा प्यायचा, धीर द्यायचा आणि लगबगीनं आपल्या तळ्यावर परतायचं, कारण घरच्या माशांची खायची वेळ झालेली असायची. रीत चांगलीच. घोटाळा पायांत होता.

पहिल्यांदा काकूच्या दिराचे मासे वर आले. खाणं सोडलेलं, कल्ले पांढुरके, डोळे सुजलेले. काकू मला घालून चार तास त्या पाण्यात वाकली. तिथून आली ती तशीच आपल्या पहिल्या तळ्यात उतरली. मीही ऐटीत डुबुक डुबुक चाललो. परोपकार करून आलो होतो ना!

नवव्या दिवशी पहिलं तळं गेलं. मदतीला दीर आला, त्याच्यामागे आणखी सात जोड गमबूट. पंधराव्या दिवशी दुसरं गेलं.

मग माशांची डॉक्टर आली, नमुने घेऊन गेली आणि चार दिवसांनी परतली.

"विषाणू आहे. याला औषध नाही. माणसाला होत नाही, पण माणूस पोचवतो." तिनं माझ्या तळव्याचा चिखल नखानं खरवडला. "हे बूट कुठं कुठं जाऊन आलेत?"

काकू बोटं मोजू लागली. एक हात संपला, तशी ती मटकन बांधावर बसली. मी रबराचा, म्हणून माझा चेहरा कुणाला दिसला नाही.

"तिसऱ्यात अजून रोग नाही," डॉक्टर म्हणाली. "ते तरी राखा."

काकू उठली. तिसऱ्या तळ्याभोवती दोरी बांधली. दोरीत आत शिरायला एकच दार ठेवलं आणि त्या दाराशी ब्लीचिंग पावडरच्या पाण्याचा टब ठेवला. मला घासलं, बुडवलं, उन्हात वाळवलं आणि बजावलं, "आता तू या एकाच तळ्याचा."

दुसऱ्या सकाळी दीर हजर. गुडघाभर बूट, त्यांवर वाळलेला चिखल.

"वहिनी, दोरी काढा. मोठे मासे तपासू, जाळं धरायला आलोय."

"आधी त्या टबात उभे राहा, भाऊजी. नाहीतर बांधावरूनच बोला."

"मी काय रोग घेऊन हिंडतोय?"

"मीही हिंडले. माझी दोन तळी मीच मारली."

"लोक काय म्हणतील? सख्ख्या दिराला दारात अडवलं!"

"म्हणू देत. लोकांना तोंड आहे, माशांना नाही."

दीर तणतणत गेला. गावभर काकूला 'टबवाली' नाव पडलं. दीड महिना तिच्याकडे चहाला कुणी फिरकलं नाही. ती रोज टबात उभी राहायची, मग तळ्यात. मी रोज ते जळजळतं पाणी प्यायलो. माझा रंग उडाला, घोट्याशी चिरा गेल्या. उजव्यानं तर केव्हाच राजीनामा दिला असता, पण डाव्याशिवाय जाणार कुठं?

तिसऱ्या तळ्यातला एकही मासा उलटा झाला नाही. हंगामात माद्यांनी अंडी घातली.

दिरानं आपलं तळं उपसलं, वाळवलं, चुना मारला आणि पिल्लं न्यायला आला. दाराशी आपणहून टबात शिरला. काकू आनंदाच्या भरात हंडा घेऊन तशीच आत निघाली, तर हा ओरडला, "वहिनी, आधी टब!"

काकू हसत मागे फिरली.

आता माझं रबर थकलंय, पण फाटेपर्यंत या दाराशी उभा आहे. तुम्ही शेजाऱ्याच्या मदतीला जा, जरूर जा. फक्त जाताना आणि येताना मला धुवा. मी फार आज्ञाधारक आहे हो. जे चिकटेल ते घेऊन येतो.