पहिलं पाणी

मित्रांनो, मी एक जुना ड्रिपर आहे. म्हणजे कॉफी गाळायचा चिनी मातीचा शंकू. बुडाला एक भोक, आतून वळणदार कंगोरे आणि बाजूला कान. कान आता अर्धाच उरला आहे. बुऱ्हाणपुरात, बुधवारा मोहल्ल्यातल्या एका स्वयंपाकघरात, साखरेच्या डब्यामागे मी असतो.

माझा जन्म भट्टीतला. वैजयंतीनं मला बेंगळुरूला विकत घेतलं. ती तिथं कॉफीच्या बिया भाजणाऱ्या कारखान्यात होती. कॉफी हुंगून, चाखून माल पास करायचा की नाही ते ठरवायचं, हे तिचं काम. चार वर्षं मी तिच्या टेबलावर होतो. पाहुणे माझ्या कॉफीचं कौतुक करायचे. मला ते आवडायचं.

मागच्या वर्षी तिची आई, उषाताई, तापानं आजारी पडल्या. ताप सहा दिवसांत उतरला, पण नाकाला वास यायचा बंद झाला तो झालाच. उषाताई घरी दराब्याच्या, म्हणजे इथल्या रव्या-तुपाच्या मिठाईच्या, ऑर्डरी घेत. दराब्याचा रवा तुपात भाजताना वासावर हात थांबवावा लागतो. त्यांचे लागोपाठ तीन घाणे करपले. चौथा त्यांनी केला नाही. डॉक्टर म्हणाले, रोज ओळखीचे उग्र वास द्या. परत येईल की नाही, सांगता येत नाही. वैजयंती दोन महिन्यांची रजा काढून आली, मला टॉवेलात गुंडाळून.

सकाळी सात वाजता उषाताई डोळे मिटून बसत. वैजयंती माझ्यात कागदाची घडी बसवून आधी नुसतं गरम पाणी ओतायची, कागदाचा वास निघून जावा म्हणून. ते पहिलं पाणी फेकायचं. मग पंधरा ग्रॅम पावडर, मग लांब चोचीच्या किटलीनं गोल गोल धार, तीन मिनिटं.

“एवढ्यात तर मी बहादरपुरहून चहा पिऊन वापस येतो,” तिचे वडील नंदकुमार दारातून म्हणायचे.

“मग जा ना पप्पा! डिस्टर्ब नका करू. मम्मी, काही येतंय?”

“काहीच येऊन नाही राहिलं गं. नुसती वाफ लागते तोंडाला.”

पंचावन्न दिवस हेच उत्तर. छप्पन्नाव्या दिवशी कारखान्यातून फोन आला: रजा वाढणार नाही, सोमवारी हजर व्हा, नाहीतर तुमच्या जागी दुसरं कुणी घेऊ. “घ्या मग,” वैजयंती म्हणाली आणि फोन ठेवला. उषाताई पलीकडे भाजी निवडत होत्या. फोन स्पीकरवर होता, त्यांनी सगळं ऐकलं.

दुसऱ्या सकाळी त्यांनी नेहमीसारखे डोळे मिटले. किटलीतली धार माझ्यात पडली. आवाज ऐकून उषाताईंनी मान पुढे केली आणि लांब श्वास घेतला.

“आला गं वैजू! वास आला. कॉफीचाच, एकदम कडक. आता तू जा बाई, फोन लाव त्यांना.”

पावडर अजून डब्यात होती. झाकणही उघडलेलं नव्हतं. माझ्यात फक्त ओला कागद होता.

वैजयंतीनं डब्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मला वाटलं, आता बोलेल.

“बरं झालं, मम्मी,” ती म्हणाली. पहिलं पाणी फेकताना मी तिच्या हातून बेसिनवर आपटलो. माझा कान तेव्हा तुटला. मला इथंच ठेवून रविवारच्या गाडीनं ती गेली.

याला पाच महिने झाले. ती दर महिन्याला ताज्या पावडरीचं पाकीट पाठवते. उषाताई ते फोडून, डोळे मिटून हुंगतात आणि फळीवर ठेवून देतात. आधीची पाकिटं शिळी झाली आहेत, हे त्यांना कळत नाही.

“मस्त वास आहे,” त्या फोनवर सांगतात.

“दराबा केला का?”

“करू ना. घाई काय आहे?”

दराब्याची कढई माझ्याशेजारी पालथी आहे. तिच्यावर धूळ आहे, माझ्यावरही.

मित्रांनो, वापरलेली वस्तू धुऊन, पुसून ठेवत जा. आणि घरातलं माणूस ‘मी बरी आहे’ म्हणालं, तर निघण्याआधी एकदा तरी परत विचारा. वैजयंतीनं विचारलं नाही. तिला उत्तर माहीत होतं.