उजव्या हाताची नखं

रोह्यात दत्तूमास्तरांना लोक त्यांच्या नखांवरून ओळखत. डाव्या हाताची मुळाशी कापलेली, उजव्या हाताची मात्र बोटाबाहेर आलेली, कानशीने घासून गुळगुळीत केलेली. भाजीवाल्या ठमाबाईने तर एकदा सरळ विचारलं, कसला नवस हाय का म्हणून. मास्तरांनी हो म्हणून टाकलं. क्लासिकल गिटार नखांनी वाजते, नखांशिवाय तिचा आवाज पहिल्या रांगेपर्यंतसुद्धा धड पोचत नाही, हे भर बाजारात कोण समजावत बसणार?

मास्तर मूळचे पेणच्या खाडीकाठचे, मिठागरात राबणाऱ्या घरातले. विशीत मुंबईला पळाले आणि चर्चगेटच्या एका हॉटेलात, गोवेकर वादकांच्या बँडमध्ये घुसले. तिथे जॅझ शिकले. हातात प्लास्टिकची नखी धरायची, एकाने सुरांत काहीतरी विचारायचं, दुसऱ्याने तिथल्या तिथे उत्तर द्यायचं. पुढे कागद नाही की पाठांतर नाही. मग धोबीतलावच्या एका म्हाताऱ्या शिक्षकाकडे क्लासिकलचा नाद लागला आणि नखं वाढली. पुढे हॉटेलांतले बँड एकेक करून बंद पडले. मास्तर रोह्याला एका कंपनीत शिफ्टवर लागले आणि उरलेल्या वेळात गिटार शिकवू लागले.

शिकायला येणाऱ्याला सिनेमाचं एकच गाणं हवं असायचं, तेही मित्राच्या लग्नाआधी. गाणं आलं की गिटार माळ्यावर आणि गडी बेपत्ता. मास्तरांनी लग्न केलं नव्हतं. घरात आवाज म्हणजे त्यांचाच. जॅझमधला प्रश्न विचारायचा, उत्तरासाठी सवयीने थांबायचं आणि मग स्वतःच ते देऊन मोकळं व्हायचं, असं वर्षानुवर्षं चाललं होतं. माणूस याने वेडा कसा होत नाही, याचं त्यांना स्वतःलाच नवल वाटे.

आणि मग हौसा आली. नागोठण्याच्या शाळेत शिक्षिका, पस्तिशीची, मोजकं बोलणारी. सात वर्षं दर रविवारी एस.टी.ने येत राहिली, सिनेमाच्या गाण्याचं नाव न काढता. मास्तरांनी तिच्यासाठी दोन गिटारींची एक रचना बसवली. सूर मास्तरांचा, साथ तिची. पेणच्या माघी गणेशोत्सवात ती वाजवायची ठरली. पुढच्या महिन्यात हौसाची बदली होती, थेट पोलादपूरला. मास्तरांच्या बोटांचे सांधेही धरू लागले होते. आता नाही तर कधीच नाही, हे दोघांना न बोलता कळत होतं.

तेवढ्यात गावाकडून निरोप आला. थोरला भाऊ काळुराम गेला. अग्नी चुलतभावाने, सखाने दिला होता, पण काळुरामला मूलबाळ नव्हतं; दहाव्याला धाकट्या भावाने बसावं, असं सखाने कळवलं होतं. दहावा कार्यक्रमाच्या चार दिवस आधी येत होता. आणि दहाव्याला खाडीवर न्हावी डोईबरोबर नखंही काढतो.

हे संकट मास्तरांवर एकदा येऊन गेलं होतं. बासष्ट साली बाप गेला, तेव्हा त्यांचा क्लासिकलचा पहिला जाहीर कार्यक्रम होता. नखं जातील म्हणून ते दहाव्याला फिरकलेच नाहीत. काळुरामने एकट्याने सगळं केलं आणि त्यानंतर चौतीस वर्षं भावाभावांत शब्द नव्हता. मास्तरही गावी गेले नाहीत. कोणत्या तोंडाने जाणार?

त्यांनी हौसाला सांगितलं, या खेपेला मी हात पुढे करणार, तू एकटीच वाजव. तिने वही मिटली.

"माझ्या वाट्याला नुसती साथ आहे, मास्तर. एकटीने काय वाजवू?"



दहाव्याला पहाटेची गाडी धरून ते गावी उतरले. रस्ता भावाच्या दारावरूनच जात होता. पण वहिनीसमोर, गोदूबाईसमोर उभं राहायचा धीर होईना, म्हणून मिठागराच्या बांधावरून वळसा घालून ते थेट खाडीवर गेले. बायका तिथे येत नाहीत, हे त्यांना ठाऊक होतं. जनू न्हावी वस्तरा लावत बसला होता. डोई झाल्यावर मास्तरांनी आपण होऊन उजवा हात आधी पुढे केला. पाच नखं चिखलात पडली. मास्तरांना रडू आलं, आणि बरंही वाटलं. चौतीस वर्षांचं फेडलं, असं त्यांच्या मनाने घेतलं.

सगळं आटोपून ते घरी गेले. गोदूबाई ओटीवरच बसली होती. तिने त्यांच्या डोईकडे पाहिलंच नाही, नजर गेली ती हाताकडे.

"भावजी, आधी घरी का नाय आलात? तुमच्याच कानावर घालायचं म्हून सकाळधरनं वाट बघते मी. तेनी सांगून ठेवलं व्हतं. दत्तू येल, तेची डोई घेऊ दे, पन उजव्या हाताच्या नखांना जनूला हात लावू देऊ नको."

काळुरामला नखांचं काय कळत होतं, असं त्यांनी कसंबसं विचारलं. मग गोदूबाईने सांगितलं. तिचं माहेर रोह्याजवळ. काळुराम वर्षातून दोनदा तिकडे जायचा, आणि एस.टी.तून उतरला की आधी मास्तरांच्या गल्लीत. खिडकीखाली उभा राहायचा, वाजवणं थांबेपर्यंत. घरी येऊन सांगायचा, दत्तू नखांनी वाजवतो, आनि मधेच थांबतो, कोनाची तरी वाट बघितल्यावानी.

"कधीपासून?"

"तुमी रोह्याला आल्यापासून."

मास्तरांनी बोडक्या बोटांची मूठ वळली.

"मग वर का नाय आला गो वहिनी, एकदा तरी?"

गोदूबाईने पदराने डोळे पुसले.

"तुमी बोलावलं नाय."