रस्त्यापलीकडची भिमाबाई

नाशकातल्या द्वारकेच्या चौकात आग्रा रोडच्या या अंगाला कुसाबाईचं घर आणि त्या अंगाला भिमाबाईचं. मधलं अंतर साठ फूट. सन एकोणीसशे ऐंशी उजाडलं तरी हे साठ फूट ओलांडायला कुसाबाईला अकरा वर्षं पुरली नव्हती.

आधी असं नव्हतं. आधी त्या रस्त्याच्या मधोमध कुत्रं निजायचं, ऊन सरकलं की कूस बदलायचं आणि आलीच एखादी लॉरी तर तीच त्याला वळसा घालून जायची. दोघी एकाच वखारीत कांदा निवडायला बसायच्या. मोठा एकीकडं, मध्यम एकीकडं, बारकी गोलटी एकीकडं, सडका मागं. हात चालायचे आणि तोंडं त्याहून जास्त. चैत्रात कुसाबाईच्या अंगणात गव्हाचा चीक शिजायचा. एकीनं ओतायचं, एकीनं घोटायचं, कारण कुरडयांचा चीक एकट्या बाईला कधी दाद देत नाही. पहिल्या वर्षी भिमाबाईचा हात लागलेला चीक सासूला चालणार नाही, हे कुसाबाईला ठाऊक होतं. तिनं म्हातारीला आधी वाटीभर दिला, म्हातारीनं बोटं चाटली, आणि मग सांगितलं की घोटलाय भिमीनं. म्हातारी चार दिवस बोलली नाही. पाचव्या दिवशी भिमी कधी येणार म्हणून विचारायला लागली.

मग लॉऱ्या वाढल्या. मुंबईहून आग्र्याला, आग्र्याहून मुंबईला, वर पुण्याकडच्या येऊन त्यांच्यात घुसायच्या. एकीच्या शेपटीला दुसरीचं नाक. कुसाबाईची शेळी एकदा पलीकडं गेली ती परतली तेव्हा तिच्यामागं दोन करडं होती. भिमाबाईनं नातवाच्या बारशाचं बोलावणं पोस्टानं धाडलं. साठ फुटांसाठी ते कार्ड नाशिकरोडला जाऊन चौथ्या दिवशी आलं, तोवर पोराचं नाव ठेवून झालं होतं. दोघी दारात उभ्या राहून बोलायच्या, पण दोन लॉऱ्यांच्या फटीत एकच शब्द मावायचा. आषाढात विचारलेल्या 'गुडघा कसा हाय' याचं उत्तर श्रावणात मिळालं, आणि तोवर दुसरा गुडघा दुखायला लागला होता. पुढं फटीही बुजल्या. राहिला तो नुसता हात. रोज सकाळी सातला ही इकडून हात हलवायची, ती तिकडून हलवायची, की दिवस सुरू.

तरणी माणसं पळत जायची-यायची, नाही असं नाही. पण कुसाबाईला एकोणसत्तर साली एका लॉरीनं नुसतं हुंगलं होतं. पाय मोडला आणि जुळलाही, मात्र तेव्हापासून रस्त्याची कड आली की तो पाय मालकिणीचं ऐकेना. तिचा भाचा मल्हारी तीनदा म्हणाला, आत्या, हात धरून नेतो. तिन्ही वेळा तिनंच त्याचा हात धरून त्याला मागं ओढला.

हा मल्हारी नगरपालिकेत बांधकाम खात्यात कारकून. शहरानं बाहेरून अनुदान मागायचं ठरवलं तेव्हा कागद त्याच्याच टेबलावर आला. दिल्लीला कसलासा निधी होता. ज्या शहरांत रस्ते जिवावर उठलेत त्यांना त्यातून पैसे मिळणार होते. द्वारकेच्या चौकात पायी रस्ता ओलांडणाऱ्यांसाठी पूल आणि लाल-हिरवे दिवे मागायचे होते. पण आधी सात दिवस ओळीनं वाहनं मोजून दाखवायची होती. तारखा दिल्लीनंच ठरवून दिल्या. सकाळी सहा ते संध्याकाळी सहा मोजणाऱ्यानं जागा सोडायची नाही. दिल्लीचा साहेब न सांगता कधीही येऊन पाहील, आणि जागा रिकामी दिसली तर सगळी मोजणी बाद.

पालिकेत माणसं नव्हती. होती ती ऊन लागतं म्हणणारी. मल्हारी आत्याकडं आला. ती तशीही दिवसभर दारातच असते, हे त्याच्या लक्षात होतं. पूल म्हणजे काय हे त्यानं तिला समजावून सांगितलं. पायऱ्या चढायच्या, लॉऱ्यांच्या डोक्यावरून जायचं, पलीकडं उतरायचं.

कुसाबाईनं विचारलं, "उतरायचं ते भिमीच्या दारातच ना?"

मल्हारी म्हणाला, तसं नकाशात दाखवतो.

तिनं पाच गाडगी मांडली, पदरात चिंचोके घेतले आणि मोजायला बसली. लॉरी गेली की मोठ्या कांद्याच्या गाडग्यात एक, एस.टी. गेली की मध्यममध्ये, मोटारसायकल म्हणजे गोलटी. बैलगाडीला वेगळं गाडगं, आणि रस्त्यात बंद पडलेली जीप सडक्यात. वखारीत घडलेला हात तो. तिनं डुलकी काढली तरी चिंचोका बरोबर गाडग्यात पडायचा. पहिल्या दिवसाचा तक्ता वर गेला त्यात रकान्याला 'गोलटी' असंच नाव होतं, आणि तिघा साहेबांनी त्यावर सह्या केल्या. चार दिवसांत चिंचोके संपले. गल्लीतल्या बायकांनी चिंचा फोडून पुरवठा केला आणि आठ दिवस सगळ्या गल्लीत आंबट वरण शिजलं.

पाचव्या दिवशी सकाळी रस्ता गप्प होता.

कांद्याच्या भावासाठी शेतकरी रस्त्यावर येऊन बसले होते. देवळ्याचे, कळवणचे, कुठले कुठले. त्यांनी ट्रॅक्टर आडवे लावले, कांदे ओतले आणि त्यावरच बैठक मारली. मुंबईकडं एक चाक हलेना, आग्र्याकडं हलेना. चौकात चिमण्या उतरल्या. त्या रस्त्यावर चिमण्यांना उभं राहायला जागा सापडली ती अकरा वर्षांनी.

मल्हारी धापा टाकत आला. घाबरू नकोस, म्हणाला, चार दिवसांचा आकडाच इतका आहे की पुढचे तीन दिवस शून्य भरलं तरी सरासरी पुरेशी भरते. फक्त जागा सोडू नकोस. साहेब आजच आलाय शहरात, विश्रामगृहावर उतरलाय. मग त्यानं तिच्या नजरेच्या रोखानं पाहिलं. समोर रिकामा रस्ता आणि पलीकडं भिमाबाईचं दार. तो चपापला.

"आत्या, तीनच दिवस. मग पूल झाला की रोज जा. दिवसातून दहादा जा."

कुसाबाईनं मान हलवली. दिवसभर ती पाच गाडग्यांपाशी बसून राहिली, आणि पदरातला एकही चिंचोका हलला नाही. आपण आता उठलो तर पंचवीस पावलांत पोचू, हे ती बसल्या जागी पाचपन्नास वेळा मनात चालून आली. सहा वाजले तोवर अंधारलं, आणि अंधारात तो पाय कडेपर्यंतही येईना. पण तिला खटकत होतं ते वेगळंच. सकाळी सातला भिमाबाई दारात आली नव्हती.

सहाव्या दिवशीही आली नाही. रस्ता उघडाबोडका, मध्ये एक धावतं चाक नाही, नजर सरळ त्या उंबऱ्यावर जाऊन आपटत होती, आणि उंबऱ्यात कुणी नव्हतं. कुसाबाईनं हात हलवला. पदर हलवला. शेवटी गोलटीचं गाडगं उचलून हलवलं. भिमी रुसली असेल, असं तिला वाटलं. रस्ता मोकळा झाला तरी मी आले नाही, म्हणून रुसली. मग वाटलं, आजारी असेल. त्यापुढचंही वाटलं, ते तिनं मनात येऊ दिलं नाही.

दहाच्या सुमाराला ती उठली. गाडग्यांवर फडकं टाकलं. कडेला आल्यावर पाय नेहमीसारखा अडला. समोर कांद्यावर बसलेला एक शेतकरी ते बघत होता.

"आजी, आज रस्ता आपलाच शे," तो म्हणाला. "जाय बिनघोर."

पायाला ते पटलं असावं. कुसाबाई निघाली. वाटेत सवयीनं दोन जाड मानेचे डेंगळे कांदे उचलून बाजूला टाकले आणि शेतकऱ्याला बोलली की असला माल वर ठेवून भाव मागतोस होय रे. साठ फूट संपले तेव्हा तिला ते फार थोडे वाटले.

भिमाबाई आत खाटेवर बसली होती. पाय पोटाशी घेतलेले, तोंड दाराकडं. कुसाबाई समोर उभी राहिली तरी ती बघत राहिली, पण तिच्यातून आरपार.

"कोण हाय?" तिनं विचारलं.

कुसाबाईचं अकरा वर्षांचं बोलणं एकदम दाराशी आलं आणि चेंगरलं. तिनं नुसता भिमाबाईचा हात हातात घेतला. भिमाबाईनं बोटं चाचपली, कांदा निवडून निवडून वाकडा झालेला अंगठा तिच्या हाताला लागला, आणि ती हसली.

"कुशे. लय म्हातारी झालीस गं."

मग कळलं. चार वर्षांपासून तिला दिसत नव्हतं. कुशीला सांगायचं नाही, अशी घरच्यांना तिनं शपथ घातली होती.

"मग रोज हात कुणाला करत व्हतीस?"

"लॉऱ्यांच्या आवाजाला. त्या आवाजाच्या पलीकडं तू हायेस, येवढं ठावं व्हतं. काल सकाळी आवाजच नाय. मला वाटलं, आता कानबी गेले. मग कोणीकडं तोंड करून उभी राहू?"

दोघी दुपार टळेपर्यंत दारात येऊन बसल्या. महत्त्वाचं काही बोलल्या नाहीत. चीक पातळ का होतो, वखारीतला मुकादम मेला का जिवंत आहे, असलंच. मधूनच भिमाबाई हात पुढं करून ती आहे ना, ते बघायची.

आणि साहेब नेमका तेव्हाच आला. पाच गाडगी, वर फडकं, माणूस नाही. मल्हारीनं हात जोडले. साहेब वाईट माणूस नव्हता. त्यानं पलीकडं दारात बसलेल्या दोन म्हाताऱ्या बघितल्या, बराच वेळ बघितल्या, म्हणे चष्माही पुसला. पण रस्ता ओलांडता न आलेल्यांसाठी त्याच्या तक्त्यात रकाना नव्हता. त्यानं लिहिलं, मोजणीदार जागेवर नाही.

शेतकरी बसल्याच्या चौथ्या दिवशी रस्ता सुटला. अनुदान दुसऱ्या कुठल्या शहराला गेलं. पालिकेला पत्र आलं की पुढच्या वर्षी पुन्हा अर्ज करावा. मल्हारी महिनाभर आत्याशी धड बोलला नाही.

आता सकाळी सातला हात हलवण्यात अर्थ उरला नव्हता. कुसाबाईनं पितळी परात काढली आणि उलथन्यानं असा ठणका दिला की शेजारच्या पत्र्यावरची मांजरं खाली आली. लॉऱ्यांच्या धडधडीतून तो पलीकडं गेला. जरा वेळानं तिकडून डब्याचा ठणठणाट आला.

पण परात लॉरीवाल्यांनाही ऐकू गेली. पंजाबकडच्या एका ड्रायव्हरला वाटलं पुढं रेल्वेचं फाटक आहे, त्यानं ब्रेक दाबला. दुसऱ्याला वाटलं देवीची आरती आहे, त्यानं ब्रेक दाबून हातही जोडले. सहा महिन्यांत इंदूरपर्यंतच्या ढाब्यांवर बोलणं होतं की नासिकला एक माई आहे, तिच्यापाशी गाडी हळू घ्यायची, नाहीतर घाटात टायर बसतो. चौकातले अपघात निम्म्यावर आले. मल्हारी काकुळतीला आला. आत्या, पुन्हा मोजणी होईपर्यंत तरी परात बंद ठेव, अपघात नसतील तर पूल कोण देईल, असं त्यानं विनवलं. आत्यानं ऐकून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी परात दोनदा वाजवली.

त्या सकाळी धुकं होतं. परात वाजली, पहिली लॉरी मंदावली, मागची मंदावली, आणि पलीकडून डब्याचा आवाज आला. दोन लॉऱ्यांमध्ये बऱ्यापैकी फट पडली होती. एका शब्दापेक्षा मोठी, एका बाईपेक्षा थोडी लहान. कुसाबाईनं परात उंबऱ्यात टेकवली, लुगड्याचा काष्टा खोचला आणि तो हट्टी पाय उचलून डांबरावर ठेवला. ड्रायव्हरनं खिडकीतून डोकं बाहेर काढलं आणि इंजिन बंद केलं.