दुःखाचा तुकडा

मास्तरांनी तीस वर्षं संस्कृत शिकवलं. घरी त्यांची पूजा खणखणीत चाले. शब्द तुटणार नाही, विसर्ग गळणार नाही. बायको शिवणकाम करायची. सकाळी देवापुढे दिवा लावून ती आईकडून ऐकलेलं स्तोत्र म्हणे आणि मग मशीनवर बसे. तिला अर्थाचा पत्ता नव्हता, पण म्हणताना डोळे भरून येत.

एकदा मास्तरांचे जुने विद्यार्थी घरी आले होते. आतून तिचा आवाज आला आणि मास्तरांना हसू फुटलं.

"अगं, 'सकल' म्हण, 'शकल' नव्हे! शकल म्हणजे तुकडा. सगळं दुःख ने म्हणायचं सोडून तू देवाला दुःखाचा तुकडा ने म्हणतेस."

सगळे पोट धरून हसले. ती दारात आली. "मग बरोबरच आहे. तुकडाच नेला त्यानं."

त्यांचं पहिलं मूल चार महिन्यांचं होऊन गेलं होतं. हसू थांबलं, पण मास्तर हट्टाला पेटले. त्यांनी तिच्याकडून अख्खं स्तोत्र वहीत वीसदा लिहून घेतलं, अर्थासकट. तिनं निमूट लिहिलं. दुसऱ्या दिवसापासून ती दिवा लावी, हात जोडी आणि गप्प उभी राही. मास्तरांना ते कळायला वर्ष लागलं.

पुढे त्यांच्या घशात गाठ निघाली. आवाज जाणार, असं डॉक्टरांनी आधीच सांगितलं. ऑपरेशनच्या सकाळी मास्तर दवाखान्यातल्या खाटेवर बसून स्तोत्र म्हणू लागले. प्रत्येक शब्दाची विभक्ती आठवली, समास सुटले. धीर मात्र कशातच मिळेना.

"तू म्हण ना," ते घोगऱ्या आवाजात म्हणाले. "पूर्वी म्हणायचीस तसं."

"विसरले."

"इतक्या वर्षांचं पाठ असं कसं विसरशील?"

"म्हणायला गेलं की वही दिसते. पुढे सरकतच नाही."

तिनं त्यांच्या अंगावरचं पांघरूण नीट केलं. तेवढ्यात त्यांना न्यायला माणसं आली.

आवाज गेला, जीव वाचला. आता मास्तर पाटीवर लिहून बोलतात. परवा ती दिवा लावून वळत होती, तेव्हा त्यांनी घाईघाईनं पाटी पुढे केली : चुकीचं असलं तरी चालेल.

तिनं वाचलं. रागावली नाही.

"आता चुकीचंही येत नाही हो," ती म्हणाली आणि मशीनवर जाऊन बसली.