मोठाई

रूपालीनं चपला काढायच्या आतच मैत्री तिच्या पायांवर येऊन आदळली.

"आई, काय आनलं?" असं म्हणत तिनं पर्स ओढली, चेन उघडता आली नाही तशी दातांनी धरली.

"थांब की गं, दात पडतील." रूपालीनं तिला उचलून कडेवर घेतलं. दिवसभर एसटीत उभं राहून पायांचे गोळे दुखत होते, तरी तो भार तिला हवाच होता. मैत्रीच्या डोक्यावरून तिनं आत पाहिलं.

करुणा स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. कौसल्याच्या पदराचं टोक तिच्या मुठीत होतं.

"ये करू."

करुणानं मान वर करून कौसल्याकडं पाहिलं.

"जा की, आई आली न्हवं?" कौसल्या म्हणाली. मगच करुणा पदर सोडून हळूहळू आली आणि आईच्या खाकी ओढणीला बोट लावून उभी राहिली.

ते वर बघणं रूपालीला रोज दिसायचं. आपल्याच मुलीनं आपल्याकडं यायला दुसऱ्या बाईची परवानगी घ्यावी, हे तिला संध्याकाळभर टोचत राहायचं. भाकरी थापताना, कपड्यांच्या घड्या घालतानाही टोचायचं.

रूपाली जाफराबादच्या डेपोत वाहक होती. नवरा प्रेम जालन्याला लोखंडाच्या कारखान्यात होता, सुट्टीच्या दिवशी तेवढा घरी यायचा. जुळ्या मुली झाल्या तेव्हा मोठी जाऊ कौसल्या म्हणाली होती, "तू नोकरी सोडू नको. मी हाय." कौसल्याचं लग्न होऊन बरीच वर्षं झाली होती, मूल नव्हतं. तिचा नवरा, रूपालीचा थोरला दीर संपत, प्रवाशांची काळी-पिवळी जीप चालवायचा. रजा संपल्यावर रूपाली कामावर गेली आणि पोरी कौसल्याच्या अंगाखांद्यावर वाढल्या. 'मोठी आई' म्हणता येईना म्हणून दोघींनी तिला 'मोठाई' करून टाकलं.

आता पोरी अडीच वर्षांच्या झाल्या होत्या. एका पोटातून, एकाच दिवशी आलेल्या, पण स्वभावाची दोन टोकं. मैत्री उठल्यापासून पळत असायची. शेजारच्या घरात जाऊन त्यांच्या डब्यातली साखर खायची, जीपमध्ये चढून हॉर्न वाजवायची, अनोळखी पाहुण्याच्या मांडीवर जाऊन बसायची, पडली तर कुणी पाहिलं का ते बघून मगच रडायची. करुणा तिच्या अगदी उलट. दारातल्या चपलांच्या जोड्या लावायची. भात आणि वरण एकमेकांना लागलेलं तिला चालायचं नाही. बोलायची जवळजवळ नाहीच. कुणी हात पुढं केला तर त्या हाताकडं बराच वेळ बघायची आणि मग निघून जायची.

म्हणूनच रूपालीला मैत्रीच्या धावत येण्याचं विशेष वाटत नसे. ती सगळ्यांकडंच धावते. करुणा मात्र पारखून माणूस निवडायची, आणि तिनं कौसल्याला निवडलं होतं.

एका संध्याकाळी मात्र वेगळं घडलं. भिंतीवरच्या बुद्ध आणि बाबासाहेबांच्या फोटोपुढं कौसल्यानं मेणबत्ती लावली आणि सहज म्हणावं तसं म्हणाली, "करू, हात जोड बरं." करुणानं हात जोडले. रूपालीकडं एकदा पाहिलं आणि स्वच्छ आवाजात म्हणाली, "बुद्धं सलनं गच्चामि."

रूपाली चहाचा कप घेऊन तशीच उभी राहिली. एक-एक शब्दाच्या पुढं न जाणारी पोर सबंध ओळ म्हणाली होती, आणि ती आपल्यासमोर. तिनं करुणाला छातीशी धरलं. प्रेमला फोन करून तिला ते त्याला ऐकवायला लावलं. दुसऱ्या दिवशी डेपोत पेढे नेले.

"कशाचे पेढे, मॅडम?" ड्रायव्हर सर्जेरावांनी विचारलं.

"पोरगी बोलली. माझ्याच पुढं बोलली." त्या दिवशी गाडीत सुट्या पैशांवरून कुणी भांडलं तरी ती चिडली नाही.

पुढच्या रविवारी विहाराजवळच्या नळावर शेजारच्या उषाबाई भेटल्या. त्या कौतुकानंच बोलल्या. "तुझी करुणा लई गुणाची हाय बघ. पौर्णिमेला विहारात सगळ्या बायांसोबत पूर्ण वंदना म्हनली. आमी बघतच राह्यलो."

"पौर्णिमेला?" रूपाली म्हणाली. पौर्णिमा पेढ्यांच्या बऱ्याच आधी होऊन गेली होती.

"हां. कौसल्या म्हनली, रूपालीला सांगू नका, तिला तिच्या डोळ्यानं बघू द्या." एवढं बोलून झाल्यावर उषाबाईंच्या लक्षात आलं आणि त्या घागर उचलून लगबगीनं निघून गेल्या.

रूपाली घरी आली तेव्हा कौसल्या अंगणात पोरींची डोकी धुवत होती. मैत्री साबणाच्या फेसाला फुंकर मारत होती. करुणा डोळे मिटून कौसल्याच्या गुडघ्यांत डोकं खुपसून बसली होती.

"जाऊबाई, करू आधी विहारात बोलल्ती का?"

कौसल्याचा हात थांबला. "कोन म्हनलं?"

"कुनीबी म्हनलं आसंल. बोलल्ती का?"

"हां."

"अन् मैत्री पहिल्यांदा चालली ती? त्या दिवशी मी घरी होते, तुमी मला हाक मारून बोलावलं, बघ बघ म्हनले."

कौसल्यानं तांब्या भरला, करुणाच्या डोक्यावर ओतला, कपाळावर आडवा हात धरून पाणी डोळ्यांत जाऊ दिलं नाही. मग म्हणाली, "दोन दिवस आधी चालली होती. तू ड्युटीवर व्हतीस. मला वाटलं, तुला बघायला भेटावं. आई हायस तू."

"म्हंजी तुमी ठरवायचं, मी काय बघायचं अन् कधी बघायचं ते."

"तसं न्हाई गं."

"मंग कसं?" रूपालीचा आवाज चढला नाही, उलट खालीच आला. "मी डेपोत पेढे वाटले, जाऊबाई. येड्यासारखी."

कौसल्यानं करुणाचं डोकं पुसायला घेतलं. तिनं चोरून काही घेतलं असतं तर रूपालीला भांडता आलं असतं. इथं तिनं दिलं होतं. आपल्याकडं उरलेलं, जास्तीचं, बाजूला काढून वाढलं होतं. रूपालीला ते वाढणंच सोसवेना.

तिनं रजा टाकली. प्रेमला फोनवर सांगितलं, "पोरींना धावड्याला आईकडं नेते. ऱ्हातील थोडे दिवस तिकडं. मी मंग धावड्याची फेरी मागून घेईन."

"अगं पन वहिनी..."

"वहिनीला आराम भेटंल."

निघायच्या दिवशी कौसल्यानं पोरींचे कपडे घड्या करून पिशवीत भरले. "करूला लसणाची चटनी दिली तर भाकर खाती," ती म्हणाली. "मैत्रीला झोपताना..." आणि थांबली. "तुला ठाऊकच हाय."

रूपालीला ठाऊक नव्हतं. तिनं विचारलंही नाही.

धावड्यात पहिला दिवस मोठ्या आनंदात गेला. रूपालीची आई साळूबाई नातींभोवती फिरत होती. मैत्री शेळीच्या पिल्लामागं पळाली, मग शेजारच्या घरात शिरली, तिथून त्याच्या पलीकडच्या. गल्लीतल्या बाया म्हणाल्या, "लई धीट हाय, बाई. कुठंबी रमती."

करुणा उंबऱ्यात बसून राहिली होती. रूपालीला तिचीच काळजी होती. पण संध्याकाळी करुणानं आजीच्या दारातल्या चपला जोडीनं लावल्या आणि सरळ येऊन रूपालीच्या मांडीत बसली. तिनं वर कुणाकडं पाहिलं नाही, कुणाला विचारलं नाही. ती रूपालीच्या दंडावर डोकं ठेवून झोपली. रूपालीनं हात बधिर झाला तरी हलवला नाही. आपण जिंकलो, असं तिला वाटलं. आणि कौसल्यानं हे बघायला हवं होतं, असंही वाटलं.

दुसऱ्या दिवशी मैत्रीनं ताट सरकवलं. साळूबाई म्हणाली, "खेळायच्या नादात हाय." मैत्री पुन्हा घरोघर गेली. तिसऱ्या दिवशी तिनं दूधही घेतलं नाही. अंग कोमट लागत होतं. गावातल्या डॉक्टरनं घसा बघितला, पोट दाबून बघितलं आणि म्हणाला, "काही विशेष नाही. थोडं काहीतरी खाऊ घाला."

दुपारी ती पुन्हा बाहेर निघाली तेव्हा रूपाली तिच्या मागोमाग गेली. मैत्री पहिल्या घरात शिरली. ओट्यावर कुणाशी बोलली नाही. आतल्या खोलीत गेली, दाराचं फळकूट स्वतःकडं ओढून त्याच्यामागं पाहिलं. "मोठाई?" ती हळूच म्हणाली. तिथून बाहेर पडली आणि पुढच्या घरात गेली. तिथंही दारामागं पाहिलं, कपाटाच्या फटीत पाहिलं. मोठाई कुठंतरी लपली आहे, एवढंच तिला वाटत होतं.

घरातली बाई हसून म्हणाली, "तीन दिवसांपासून हेच करून राह्यली. आमाला वाटलं, खेळती."

रूपाली त्या परक्या अंगणात उभी राहिली. घरी मैत्री ज्याच्या-त्याच्याकडं धावायची, पडायची, पुन्हा उठायची. पाठीमागं कोण उभं आहे हे पक्कं ठाऊक असलेलं पोरच तसं धावतं. आपण रोज एकीच्या नजरा मोजत बसलो आणि दुसरीकडं पाहिलंच नाही. आपण निघताना कौसल्या अर्धं बोलून थांबली होती, ते मैत्रीबद्दल होतं.

फोन हातात घेऊन ती बराच वेळ न्हाणीपाशी उभी राहिली. मग लावला.

"जाऊबाई, मैत्री जेवत न्हाई."

कौसल्या 'मला ठाऊकच होतं' म्हणू शकली असती. ती म्हणाली, "येऊ का मी?"

"भावजींची जीप रिकामी आसंल तर या."

जीप आली तेव्हा ऊन उतरत होतं. कौसल्या खाली उतरली. मैत्रीनं तिला पाहिलं आणि धावली नाही. पाठ फिरवून भिंतीला तोंड करून उभी राहिली. कौसल्या तिच्यामागं जमिनीवर बसली. खूप वेळानं मैत्री वळली, जवळ आली आणि छोट्या मुठीनं तिच्या खांद्यावर मारत सुटली. कौसल्यानं मारू दिलं. मग तिनं दुधात भाकरी कुस्करली. मैत्रीनं पहिला घास खाल्ला, दुसरा खाल्ला, तिसऱ्या घासाला तिचं अंग सैल पडलं.

"झोपताना कानाची पाळी धरू द्यावी लागती हिला," कौसल्या खालच्या आवाजात म्हणाली. मैत्रीनं तोवर तिचा कान धरलाच होता.

करुणा रूपालीच्या मांडीत होती. तिनं कौसल्याकडं पाहून हात हलवला आणि मांडीतच बसून राहिली. इतके दिवस रूपालीनं याच गोष्टीची वाट पाहिली होती. आता ती करुणाच्या केसांवरून हात फिरवत होती आणि तिची नजर कौसल्याच्या कानावरून हटत नव्हती. मैत्रीनं आपला कान कधीच धरला नव्हता. हेवा तसाच होता, फक्त करुणावरून आता मैत्रीवर आला होता.

"रूपा," कौसल्या म्हणाली, "तुला नको आसंल तर मी गल्लीतल्या अंगनवाडीत लावते दोघींना. मी लांबून बघीन."

"लांबून कशाला?" रूपाली म्हणाली. "पन एक करा. परत मला काही दाखवायचं न्हाई. आधी झालं तर झालं म्हनून सांगायचं. मला वाईट वाटलं तर वाटू द्या."

"बराबर," कौसल्या म्हणाली.

रूपालीची रजा त्या दिवशीच संपत होती. मैत्री कौसल्याच्या खांद्यावर झोपली होती, तिला उठवणं बरं नव्हतं. मग रूपाली एकटीच संपतच्या जीपमधून जाफराबादला गेली. दोन्ही पोरी तिनं धावड्यातच कौसल्यापाशी ठेवल्या. संपतनं वाटेत भोकरदनला तिला चहा पाजला.

दुसऱ्या दिवशी तिला धावड्याचीच फेरी मिळाली. दुपारी गाडी धावड्यातून परत निघाली तेव्हा कौसल्या दोघींना घेऊन थांब्यावर उभी होती. सर्जेरावांनी गाडी जरा पुढं घेऊन पायरी तिच्यासमोर आणली. मैत्री "माजी आई, माजी आई" करत चढली आणि मधल्या वाटेत सगळ्यांच्या पायांवर पाय देत पळाली. करुणा कौसल्याच्या शेजारी खिडकीशी बसली. रूपालीच्या हातातल्या तिकिटाच्या मशीनमधून कागद कसा बाहेर येतो ते ती एकटक बघू लागली. पुढच्या सीटवर एक म्हातारी मेथीच्या जुड्या घेऊन बसली होती. मैत्रीनं तिची जुडी ओढली, तसं कौसल्यानं तिला परत मांडीवर घेतलं. गाडीनं धक्का खाल्ला आणि मैत्रीनं पटकन कौसल्याचा कान धरला.

म्हातारी मागं वळून बघत होती. "जुळ्या का गं, बाई? नशीबवान हायस. दोनी तुझ्यासारख्याच दिसत्यात."

कौसल्याचा चेहरा उतरला. तिनं रूपालीकडं पाहिलं आणि सांगायला तोंड उघडलं.

रूपाली त्यांच्या सीटपाशीच उभी होती. राहू द्या, अशी तिनं कौसल्याकडं बघून मान हलवली. बायकांचं असतं ते अर्धं तिकीट फाडून तिनं कौसल्याच्या हातात दिलं. पोरींचं लागत नव्हतं.

"तुमचं कुठलं, मावशी?" तिनं म्हातारीला विचारलं.

"भोकरदन दे."

मशीनमधून कागद सरकला. रूपालीनं तो म्हातारीच्या हातावर ठेवला आणि दांडी धरत पुढच्या सीटकडं गेली.