अळणी डबा

‘कुत्र्याला घालती तेच मला घालती,’ असं अंबूबाई मखमलाबादच्या गल्लीत भेटेल त्याला सांगायची. त्यात खोटं काही नव्हतं.

तिची सून छाया रोज सकाळी नऊ कुत्र्यांचे डबे करी. कुत्री तिची नव्हती. शहरात गंगापूर रोड, कॉलेज रोडकडच्या सोसायट्यांमधली होती. कुणाची किडनी अधू, कुणाच्या अंगाला सारखी खाज, कुणाचं हृदय थकलेलं. छाया आधी तिकडे एका घरी पोळ्या करायला जायची. त्या घरातल्या म्हाताऱ्या कुत्रीला काय शिजवून द्यायचं ते डॉक्टरांनी कागदावर लिहून दिलं होतं. मालकिणीला वेळ नसे, म्हणून ते छाया करू लागली. एकीनं दुसरीला सांगितलं, दुसरीनं तिसरीला, आणि तेच तिचं काम होऊन बसलं. चिकन, भात, लाल भोपळा, गाजर, फरसबी. भाजी घरच्या मळ्यातलीच. कांदा-लसूण नाही, तेल थेंबभर, मीठ अजिबात नाही. प्रत्येक कुत्र्याचा कागद तिनं भिंतीला चिकटवला होता. तिचा नवरा जीवन शहरातच द्वारका चौकात एका ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात होता. वाट वाकडी करून तो डबे पोचवी.

अंबूबाईचंही हृदयच थकलं होतं. दोन वर्षांपूर्वी पाय सुजून खांबासारखे झाले, धाप लागली, आठ दिवस दवाखान्यात काढावे लागले. डॉक्टरांनी मीठ बंद केलं. पापड, लोणचं, ठेचा सगळंच गेलं. सत्तर वर्षं ठेचा-भाकरीवर वाढलेल्या बाईला दुधीची अळणी भाजी समोर आली की रडू यायचं. छायानं मिठाची बरणी वरच्या फळीवर ठेवली होती, सासूचा हात पोचणार नाही अशी.

“एकदा चिमूटभर दे गं,” अंबूबाई म्हणायची.

“नाही, आत्या.” सासूला ती आत्या म्हणायची. “पुन्हा दवाखान्यात जायचंय का?”

“तोंडाला चव नाय तर जगून काय करू?”

हे रोजचंच होतं. छायाला त्याचं वाईट वाटायचं बंद झालं होतं.

जानेवारीत हर्षालीचा फोन आला. हर्षाली एका कंपनीत नोकरीला होती, एकटी राहायची. तिच्या ऑस्करचा डबा गेलं वर्षभर छायाकडूनच जात होता. ऑस्कर म्हणजे अकरा वर्षांचा लॅब्रॅडॉर. त्याचं हृदय मोठं झालं होतं, दिवसातून तीनदा गोळ्या होत्या. हर्षालीला आठ दिवस ट्रेनिंगसाठी हैदराबादला जायचं होतं, आणि कुत्री सांभाळणारे लोक इतकं आजारी कुत्रं ठेवून घ्यायला तयार नव्हते.

“छायाताई, तुमच्याशिवाय मी कुणावर विश्वास ठेवू?” ती म्हणाली.

छायानं कधी कुत्रं पाळलं नव्हतं. पण ती हो म्हणाली. त्या ‘विश्वास’ शब्दानं तिला बरं वाटलं होतं, हे तिला नंतर आठवलं.

ऑस्कर आला तो फाटकाजवळ जाऊन बसला. हनुवटी जमिनीला टेकवून रस्त्याकडे बघत राहिला. छायानं डबा पुढं ठेवला, त्यानं नुसता हुंगला. दुसऱ्या दिवशीही तेच. गोळी भोपळ्यात दडवून द्यायची तर भोपळाच तोंडात जाईना. छाया घाबरली.

अंबूबाई ओट्यावर उन्हाला बसलेली असायची. तिनं विचारलं, “काय नाव म्हनली याचं?”

“ऑस्कर.”

“भास्कर. बरं हाय नाव.” आणि कुत्र्याकडे वळून, “ये रे भास्कर, म्हातारीजवळ बस.”

तो उठला आणि खरंच तिच्या पायाशी जाऊन बसला.

तिसऱ्या दिवशी दुपारी अंबूबाईनं हाक मारली. छाया बाहेर आली तर डबा चाटूनपुसून साफ झाला होता, आणि ऑस्कर म्हातारीच्या मांडीवर डोकं ठेवून पडला होता.

“आत्या! खाल्लं त्यानं?”

“माझ्या हातानं खातो तो. तू जा, तुझं काम कर.”

“तुमच्या हाताला गुण आहे,” छाया म्हणाली. किती महिन्यांनी तिनं सासूला असं काही म्हटलं असेल. अंबूबाई लाजल्यासारखं हसली.

पुढचे तीन दिवस अंबूबाईच त्याला भरवायची. छायाला डब्यांचं काम होतं, ते सोडून ती किती वेळ कुत्र्याजवळ बसणार? ती फक्त येऊन खात्या कुत्र्याचा व्हिडिओ काढायची आणि हर्षालीला पाठवायची. हर्षालीची लगेच उत्तरं यायची. ‘आजींना सांगा, मी त्यांच्यासाठी हैदराबादहून साडी आणतेय.’ ऑस्कर पाणी खूप पीत होता. पातेलं दिवसातून चारदा भरावं लागे. छायाला वाटलं, आता पोटभर खातोय, म्हणून तहान लागत असेल.

सहाव्या दिवशी त्याला खोकला सुरू झाला. छायानं त्याच्या डॉक्टरांना फोन केला. त्यांनी एक गोळी वाढवायला सांगितली आणि दुसऱ्या दिवशी दाखवायला आणा म्हणाले. दुसऱ्या दिवशी दुपारी ऑस्कर उठायला गेला आणि त्याचे मागचे पाय वाकले. तोंड उघडं, जीभ निळसर, बरगड्या भात्यासारख्या हलत होत्या. छायानं रिक्षा बोलावली. पस्तीस किलोचं कुत्रं तिनं आणि रिक्षावाल्यानं चादरीत घालून उचललं. अंबूबाई फाटकाला धरून उभी होती.

दवाखान्यात ऑक्सिजन लावला, इंजेक्शनं दिली. “फुफ्फुसात पाणी भरलंय,” डॉक्टर म्हणाले. “खाण्यात काही बदल झाला? खारट काही पोटात गेलं?”

“नाही डॉक्टर. कणभरसुद्धा नाही. देवाशप्पथ.”

तिनं हर्षालीला व्हिडिओ कॉल लावला आणि फोन कुत्र्याच्या कानाशी धरला. हर्षाली नुसती “ऑस्कर, ऑस्कर, मी येतेय रे” म्हणत राहिली. त्याचा कान एकदा हलला. चारच्या सुमाराला बरगड्या थांबल्या.

हर्षाली मिळेल त्या विमानानं निघाली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आली. मळ्याच्या कोपऱ्यात जीवननं खड्डा खणून ठेवला होता. तिनं ऑस्करच्या कपाळावर हात ठेवला, मग स्वतःच माती लोटली. तिच्या नखांत काळी माती गेली होती. छायानं पाणी आणून दिलं, ते तिनं घेतलं नाही.

ओट्यावर चहा झाला. अंबूबाई खांबाला टेकून बसली होती. हर्षाली तिच्याजवळ सरकली आणि तिचा हात हातात घेतला.

“आजी, तुम्ही त्याचं किती केलंत. ते व्हिडिओ बघूनच मी तिकडे झोपू शकत होते. शेवटचे दिवस तो इतक्या आवडीनं जेवला, तेवढंच समाधान—”

“नको म्हनू बाई तसं.” अंबूबाईनं हात सोडवून घेतला.

तिनं कनवटीतून मिश्रीची जुनी डबी काढली आणि झाकण उघडून समोर ठेवली. डबीत मिश्री नव्हती, मीठ होतं. शेजारणीकडून मागून आणून ती डबी भरून ठेवायची, छाया आत गेली की आपल्या भाजीवर चिमूट टाकायची. किती महिने चाललं होतं कोण जाणे.

“दोन दिस त्यानं तोंड लावलं नाय,” ती खाली बघत म्हणाली. “म्या म्हनलं, याला बी माझ्यावानीच झालं असंल. चिमूटभर टाकलं तर लगेच खाल्लं त्यानं. मंग रोजच टाकीत गेले. मला वाटलं, मुकं जनावर हाय, त्याला सांगता बी येत नाय.”

चहाच्या कपांवर माशा येऊन बसल्या, कुणी हाकलल्या नाहीत.

“रोज?” हर्षालीनं विचारलं.

“रोज. दोन्ही वेळा.”

हर्षाली उठली. ऑस्करचा पट्टा, त्याची गादी, गोळ्यांची पिशवी तिनं गोळा केली. छाया तिच्यामागून फाटकापर्यंत गेली.

“तुम्हाला माहीत नव्हतं, ते कळतं मला,” हर्षाली म्हणाली. “पण आता तुमच्याकडे बघवत नाही, ताई.”

गाडी वळून गेली तशी छाया परत आली आणि सासूसमोर उभी राहिली. इतक्या वर्षांत तिचा आवाज गल्लीनं कधी ऐकला नव्हता, तो त्या दिवशी ऐकला.

“तुम्हाला मरायचंय ना, मग मरा! त्या मुक्या जिवाला कशाला सोबत नेलंत?”

अंबूबाईनं डबी उचलून ती छायाच्या पायाशी सरकवली.

छायानं त्याच आठवड्यात बाकीच्या आठही घरी स्वतः फोन केले आणि झालं ते जसंच्या तसं सांगितलं. जीवन म्हणत होता, कशाला सांगतेस, त्यांच्या डब्यात तर काही गेलं नाही. पण तिला न सांगता डबा भरवेना. पाच जणांनी डबे बंद केले. कुणी भांडलं नाही, सगळे नीट बोलले. तिघं राहिले.

मग ती ऑस्करच्या डॉक्टरांकडे गेली. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. “त्याचं हृदय संपतच आलं होतं, ताई. मिठानं घाई झाली हे नक्की. किती झाली, ते मला नाही सांगता येणार. दिवस असतील, महिनेही असतील.”

हे जीवननं आईला सांगितलं. तिचा विश्वास बसला नाही. “डाक्टर भला मानूस हाय, म्हनून तसं म्हनतो,” एवढंच ती बोलली.

डबी देऊन टाकली त्या दिवसापासून अंबूबाईनं मीठ मागितलं नाही. ताटात पडेल ते भिंतीकडे तोंड करून खायची आणि ताट स्वतः घासून ठेवायची. ओट्यावर बसणं सोडलं. गल्लीतलं कुत्रं जवळ आलं की दोन्ही हात पदराखाली घ्यायची. छायाचा राग पंधरा दिवसांत विरला होता. पण तो विरलाय हे सासूला कसं सांगायचं, ते तिला कळत नव्हतं. ताट वाढताना ती दोन शब्द ठरवून न्यायची आणि ताट ठेवून तशीच परत यायची.

फेब्रुवारीच्या शेवटी अंबूबाई म्हणाली, “मला येवल्याला पोचव, जीवन. लंकाकडं राहीन.” लंका म्हणजे तिची थोरली मुलगी, येवल्यात दिलेली.

“किती दिवस?”

“राहते आता तिकडंच. ह्या घरात मला माझ्याच हाताचं भ्या वाटतं.”

छाया गॅसपाशी उभी होती. भोपळा शिजत होता. ‘राहा, आत्या’ एवढंच म्हणायचं होतं. जीवन तिच्याकडेच बघत होता. तिनं झाकण काढून भोपळा हलवला आणि पुन्हा झाकण ठेवलं.

त्या दिवशी बसून तिनं लंकासाठी कागद लिहिला. काय शिजवायचं, काय टाळायचं, गोळ्या कधी, पाय सुजले तर काय करायचं. दोन्ही बाजूंनी भरून लिहिला. लिहिताना तिला कळत होतं, की सासूला थांबवण्याच्या बदल्यात ती हा कागद देतेय. सकाळच्या एसटीनं जीवन आईला घेऊन गेला. निघताना अंबूबाईनं सुनेच्या गालावरून फिरवायला हात उचलला आणि मध्येच खाली घेतला.

महिन्याभरानं छायानं लंकाला फोन केला.

“बरी आहे ती,” लंका म्हणाली. “पाय उतरलेत, धापपण कमी आहे. काही मागत नाही बाई. ठेवलं तर खाते, नाही ठेवलं तर तशीच बसते.”

“आत्यांना देता का जरा फोन?”

फोन दुसऱ्या हातात गेला. नुसता श्वास ऐकू येत होता.

“आत्या, जेवलात का?”

“जेवले.”

“बरं.”

छाया थांबली. ती आणखी काहीतरी विचारणार होती, तेवढ्यात पलीकडे लंकाचा आवाज आला. आईनं फोन तिच्या हातात देऊन टाकला होता.