लिओंहून आलेला नकाशा

अल्जीरियाच्या डोंगरांत ऑगस्टमध्ये लागलेल्या वणव्यात जोहरमावशीची ऑलिव्हची झाडं गेली, शेळ्या गेल्या, घराचं छप्परही गेलं. दगडी भिंती तेवढ्या उभ्या राहिल्या. दोन मुलं मात्र सुखरूप होती, एक फ्रान्समध्ये लिओंला आणि एक कॅनडात मॉन्ट्रियलला, त्यामुळे संकट अजून टळलं नव्हतं.

दोघांनी फोनवरच ठरवून टाकलं: जुन्या भिंती पाडायच्या आणि तीन मजली बंगला बांधायचा. पुढे खांब, मागे गॅरेज. म्हातारीला गाडी चालवता येत नाही, ही अगदीच किरकोळ बाब. नकाशा तयार होईपर्यंत ऑक्टोबर उजाडला. जोहरमावशी पुतणीच्या घरी राहून समोरच्या जुर्जुरा डोंगराच्या शिखरांवर नजर ठेवून होती. बर्फ पडायच्या आत तिला स्वतःच्या घरात जायचं होतं, बस. पण तिला विचारावं, हे कुणाला सुचलंच नाही.

सगळा डोंगरच घरं बांधत होता, पाडकामाला मजूर मिळेनात. मग लिओंच्या थोरल्या मुलाने, मोक्रानने, शक्कल लढवली. गावसभेचे प्रमुख अकलीदादा यांना फोन करून त्याने इर्जिक मागितली. घरटी एक माणूस फुकट काम करणार, घरच्यांनी फक्त जेवू घालायचं. नकाशा घेऊन तो स्वतःही विमानाने आला. वीस वर्षं परदेशात राहून साहेब एक गोष्ट विसरले होते. इर्जिकीत जो जेवू घालतो, तोच काम सांगतो. आणि पहाटेपासून रव्याचं कुसकुस शिजवत बसली होती जोहरमावशी.

चाळीस माणसं पहारी घेऊन जमली. अकलीदादा रीतीप्रमाणे चुलीपाशी आले. "बोल जोहर, काय करायचं?"

"छप्पर घाला."

"यम्मा! अगं, भिंती पाडायचं ठरलंय ना?" मोक्रान किंचाळला.

"तुझं ठरलंय. मग तूच घाल चाळीस जणांना जेवायला. जमेल?"

मोक्रानने नकाशा चाचपला. त्यात दोन स्वयंपाकघरं होती, पण शिजत काहीच नव्हतं.

"चल रे," अकलीदादा म्हणाले, "आढ्याला पहिला खांदा थोरल्या मुलाचा. कोट काढ आधी. जिमला जातोस म्हणे, बघू दे गावाला."

शेजारच्या न जळलेल्या गावाने ते आढं आणि कौलं जोहरमावशीला आधीच देऊन ठेवली होती. मोक्रान सर्वांत पुढे, लालबुंद होऊन, धापा टाकत चढला. मागून टोमणे येत होतेच.

संध्याकाळपर्यंत कौलं चढली, माणसं जेवून पांगली. हाताला फोड आलेला मोक्रान आईशेजारी उंबऱ्यावर बसला. "पण यम्मा, एवढ्याशा घरात राहणार कोण?"

"मी. आणि तुझ्या बंगल्यात कोण राहणार होतं रे?"

मोक्रान हातावरच्या फोडांवर फुंकर घालू लागला. तो यायचा दोन वर्षांतून एकदा, उन्हाळ्याचे पंधरा दिवस.

जोहरमावशीला त्याचा राग आला, आणि त्याहून जास्त माया दाटून आली. उरलेलं सगळं कुसकुस तिने त्याच्या ताटात वाढलं.

"खा. उद्याचं विमान आहे ना तुझं."